नाव नसलेल्या आजाराचा वाली कोण?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यात धडधाकट माणसं एकामागून एक अंथरुणाला खिळू लागली. आधी पोट बिघडायचं, मग पायाच्या बोटांना मुंग्या, मग जिना चढवेना, आणि काहींना थोड्याच दिवसांत व्हेंटिलेटर लागायचा. गुलेन बारी सिंड्रोम, म्हणजे जीबीएस (शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर हल्ला करते तो आजार), हे नाव तोवर न्यूरॉलॉजीच्या वॉर्डाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. ते जाहीर झालं आणि यंत्रणा हलली. घरोघरी सर्वेक्षण झालं, पाणी तपासलं गेलं, रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, महापालिकेच्या रुग्णालयात मोफत उपचारांची घोषणा झाली, राज्याच्या योजनेतल्या पॅकेजची रक्कम वाढली. दोनशेहून अधिक रुग्ण नोंदले गेले. काही दगावले, पण बहुतेकजण वाचले.

हे सगळं व्हायलाच हवं होतं आणि झालं ते चांगलं झालं. पण त्याच महिन्यात, त्याच शहरात, हातपाय बधिर होणारी, तोल जाणारी, बोलताना जीभ अडखळणारी, मधूनच झटका येऊन पडणारी आणखी कितीतरी माणसं फायली घेऊन फिरत होती. त्यांच्या आजाराला नाव नव्हतं. त्यांच्यासाठी कुणी पाणी तपासलं नाही, कुणी पॅकेज वाढवलं नाही, कुणी विचारलंही नाही. माझं म्हणणं त्यांच्याबद्दल आहे. आपल्या आरोग्यव्यवस्थेचा प्रत्येक दरवाजा आजाराचं नाव सांगितल्यावरच उघडतो. नाव सापडेपर्यंतचा काळ, आणि मज्जासंस्थेच्या आजारांत तो काळ वर्षानुवर्षांचा असू शकतो, रुग्णाने स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या हिमतीवर काढायचा असतो. त्या काळातल्या रुग्णाची जबाबदारी कुणावर तरी टाकली पाहिजे. ती कागदावर, नावानिशी आणि पैशासकट टाकली पाहिजे.

पैशापासूनच सुरुवात करू. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. ते मिळतं ठरावीक उपचारांच्या यादीनुसार, रुग्ण दाखल झाल्यावर. आयुष्मान भारतमध्ये दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे पंधरा दिवस धरले जातात. म्हणजे हृदयाची शस्त्रक्रिया असेल, कर्करोगाची केमोथेरपी असेल, तर सोय आहे. पण आठ महिने मुंग्या येताहेत, दोनदा रस्त्यात पडायला झालं, आणि तीन डॉक्टरांचं तीन तऱ्हेचं मत आहे, अशा माणसाला त्या यादीत जागाच नाही. त्याचं सगळं ओपीडीत चालतं आणि ओपीडी योजनेत नाही.

खासगी विमा असणाऱ्यांनी फार निश्चिंत राहू नये. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, सर्व कंपन्यांसाठी जे प्रमाणित अपवाद ठरवून दिले आहेत, त्यातला चौथा असा की मुख्यतः तपासण्या आणि मूल्यमापन यासाठीच रुग्णालयात दाखल झालात तर तो खर्च मिळणार नाही. गैरवापर टाळायला हा नियम केला हे उघड आहे. पोटात गॅस झाला म्हणून तीन दिवस ॲडमिट होऊन सगळ्या शरीराच्या तपासण्या करून घेणारे असतातच. पण ज्याला मेंदूचा एमआरआय, पाठीतलं पाणी, नसांतून संदेश किती वेगाने जातो हे मोजणारी एनसीव्ही तपासणी आणि मेंदूतल्या विद्युतलहरी टिपणारा चोवीस तासांचा व्हिडिओ-ईईजी लागतो, आणि हे सगळं करूनही शेवटी डिस्चार्ज कार्डावर ‘निदान अनिश्चित’ असं येतं, त्याचा दावाही त्याच कलमात अडकतो. निदान सापडलं तर कंपनी पैसे देईल, नाही सापडलं तर हात वर करेल. ज्याची अवस्था जास्त अवघड, त्याच्याच खिशाला कात्री.

दिव्यांगत्वाचं तेच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने यादी २१ प्रकारांपर्यंत वाढवली. त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंचं आवरण खराब करणारा आजार) आला, पार्किन्सन्स आला. मोठी गोष्ट झाली. पण प्रमाणपत्राच्या टेबलापुढे पाय ओढत आलेल्या माणसाला पहिला प्रश्न हाच, की आजार कोणता? पाय ओढला जातोय हे समोर दिसत असतं, तरी. दुर्मिळ आजारांचं राष्ट्रीय धोरण २०२१ मध्ये आलं, मुंबईच्या केईएमसारखी केंद्रं नेमली गेली, काही आजारांना पन्नास लाखांपर्यंत मदतीची तरतूद झाली. त्या धोरणाचा बहुतेक पैसाही निदान झाल्यानंतरच्या वाटेवर आहे.

आता पहिल्या दवाखान्यात काय घडतं ते बघू. डॉक्टर रुग्णाला सरासरी किती वेळ देतात याचा ६७ देशांचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं, बांगलादेशात ४८ सेकंद, आणि आपल्याकडे दोन मिनिटांच्या आसपास. न्यूरॉलॉजीची तपासणी दोन मिनिटांत होत नाही. चालायला लावायचं, टाचेपुढे टाच ठेवून सरळ रेषेत चालायला सांगायचं, डोळे मिटून उभं करायचं, गुडघ्यावर आणि घोट्यावर हातोडी मारून बघायची, ट्यूनिंग फोर्क पायाच्या हाडावर टेकवून कंप कळतो का विचारायचं, तळपायावर किल्लीच्या टोकाने रेघ ओढायची. यातलं काहीच महाग नाही. हातोडी आणि फोर्क मिळून हजार रुपयांच्या आत येतात. महाग आहे तो वेळ.

आणि या तपासणीचं मोल जीबीएसमध्ये सगळ्यात स्वच्छ दिसतं. या आजारात पहिल्या आठवड्यात एनसीव्हीही साधारण येऊ शकते आणि पाठीतल्या पाण्याचा रिपोर्टही. अशा वेळी आजार पकडतो तो ज्याने गुडघ्यावर हातोडी मारली आणि पाय उडाला नाही हे पाहिलं तो डॉक्टर. रिपोर्टची वाट बघणारा मागे पडतो. आयव्हीआयजी (शिरेतून दिली जाणारी प्रतिपिंडं) किंवा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बदलणं हे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत जास्त गुण देतात, त्यामुळे मागे पडणं महागात पडतं.

बी-१२ चं उदाहरण तर घराघरातलं आहे. पुण्यात केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावातल्या गर्भवतींवर वर्षानुवर्षं केलेल्या अभ्यासात निम्म्याहून बऱ्याच अधिक स्त्रियांमध्ये बी-१२ कमी आढळलं. आपला शाकाहार, आहारातलं दुधाचं अपुरं प्रमाण, आणि मधुमेहासाठी वर्षानुवर्षं घेतलेली मेटफॉर्मिन ही सगळी कारणं त्यात असू शकतात. हे जीवनसत्त्व फार कमी झालं की मज्जारज्जूचा मागचा भाग झिजतो, पायाखालची जमीन कळेनाशी होते, अंधारात तोल जातो. हिमोग्लोबिन उत्तम असतानाही हे होऊ शकतं. नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या तर रक्त सुधारतं आणि मज्जातंतूंचं नुकसान मागच्या मागे चालूच राहतं. इंजेक्शन स्वस्त आहे, वेळेत दिलं तर गुण चांगला येतो, उशीर झाला तर काही नुकसान कायमचं राहतं. म्हणजे इथेही प्रश्न दुर्मिळ ज्ञानाचा नाही. फोर्क पायावर टेकवला की नाही, एवढाच आहे.

तपासणीची जागा आपल्याकडे एमआरआयने घेतली आहे. पायाला मुंग्या आल्या की कमरेचा एमआरआय, आणि कमरेच्या एमआरआयमध्ये काही ना काही सापडतंच. ज्यांना कसलाही त्रास नाही अशा माणसांच्या स्कॅनचा २०१५ मध्ये एकत्रित अभ्यास झाला. विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यातल्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. चकती फुगलेली तर विशीतल्याही ३० टक्क्यांमध्ये होती. कसलीही तक्रार नसताना. तेव्हा रिपोर्टमध्ये ‘डिस्क बल्ज’ लिहून आलं म्हणून पायाच्या मुंग्यांचं कारण सापडलं असं होत नाही. पण घरी मात्र ‘नस दबलीय’ हे ठरून जातं, पट्टा येतो, ट्रॅक्शन येतं, आणि कुणाकुणाच्या वाट्याला ऑपरेशनही.

माझ्या आतेबहिणीच्या वाट्याला ते येता येता राहिलं. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ती शिवणकाम करते. तिशीतली आहे. तापाचं एक दुखणं झालं आणि त्यातून उठली ती उजवा पाय ओढतच. शिलाई मशिनचा पायटा दाबता येईना. पहिल्या डॉक्टरांनी नस दबल्याचं सांगितलं, एमआरआयमध्ये चकती फुगलेली निघाली, दुसऱ्यांनी ऑपरेशनची तारीख द्यायची तयारी दाखवली. तिसऱ्यांनी सगळे कागद उलटेपालटे करून, ‘काही नाही, टेन्शन घेतेय’ असं तिच्याकडे न बघता तिच्या नवऱ्याला सांगितलं. तिथून घरातलं वारं फिरलं. सासूबाईंचं म्हणणं पडलं की कामाचा कंटाळा आहे. मग एक देवऋषी झाला, नारळ झाले, अमावस्या झाली.

शेवटी एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या न्यूरॉलॉजी ओपीडीत एका तरुण निवासी डॉक्टरने तिला टेबलावर उताणं झोपवलं. टाचेखाली स्वतःचा तळहात ठेवला आणि म्हणाली, “ताई, उजवी टाच खाली दाबा.” टाच जेमतेम दबली. मग तिने तळहात तिथेच ठेवला, दुसऱ्या हाताने डावा पाय वरून धरला आणि म्हणाली, “आता उजव्याचं विसरा. डावा पाय वर उचला, मी दाबून धरते, जोर लावा.” डावा पाय उचलताना उजव्या टाचेने तिचा तळहात गादीत रुतवला. मग तिने माझ्या भावोजींना पुढे बोलावलं, “दादा, तुम्ही हात ठेवून बघा,” म्हणून. त्यांच्या तळहातावर तोच जोर आला. ती बहिणीला म्हणाली, “पायात ताकद आहे, नसा शाबूत आहेत. तुम्ही पाय हलवायचा म्हणून हलवायला गेलात की मेंदूचा हुकूम वाटेत अडतो. लक्ष दुसरीकडे असलं की तोच हुकूम पोचतो. तुम्ही खोटं करत नाही आहात. हा आजार आहे, त्याला नाव आहे.”

ही खूण चार्ल्स फ्रँकलिन हूवर या अमेरिकी डॉक्टरांनी १९०८ मध्ये सांगितली. एकशे सतरा वर्षांहून जुनी, फुकटची तपासणी. आजाराचं नाव फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर, थोडक्यात एफएनडी. यात मेंदूची रचना बिघडलेली नसते, त्याचं काम करणं बिघडलेलं असतं. म्हणून स्कॅनमध्ये काही दिसत नाही. पाय लुळा पडतो, हात कापतो, आवाज जातो, फिटसारखे झटके येतात. स्कॉटलंडमधल्या न्यूरॉलॉजी दवाखान्यांच्या एका मोठ्या पाहणीत नव्या रुग्णांमध्ये डोकेदुखीच्या खालोखाल याच प्रकारच्या तक्रारी निघाल्या. म्हणजे हे काही कोपऱ्यातलं दुखणं नाही. आकडी न थांबणाऱ्या ज्या रुग्णांना मोठ्या अपस्मार केंद्रांत पाठवलं जातं, त्यांतल्या साधारण पाचातल्या एकाला फिट अपस्माराची नसतेच. तोवर तो माणूस वर्षानुवर्षं अपस्माराच्या गोळ्या खात आलेला असतो, लग्न मोडलेलं असतं, गाडी चालवणं सुटलेलं असतं.

बहिणीला फिजिओथेरपीने बराच फरक पडला. उलटं चालणं, बाजूला सरकत चालणं, तालावर पावलं टाकणं, असे व्यायाम होते. हेतू हाच की लक्ष पायावरून हटावं. ती पुन्हा मशिनवर बसते. दमली की पाय अजूनही ओढला जातो. सगळ्यांनाच एवढाही गुण येत नाही, हे सांगितलं पाहिजे. पण त्या दिवशी टेबलावर झालेल्या पाच मिनिटांनी तिला घरात तिची जागा परत दिली. भावोजींच्या तळहातावर जे कळलं ते त्यांनी आईला जाऊन सांगितलं आणि कंटाळ्याचा विषय तिथे संपला.

‘टेन्शन आहे’ आणि ‘एफएनडी आहे’ यांत लोकांना फरक वाटत नाही, पण तो फार मोठा आहे. पहिलं वाक्य रुग्णाला घालवून देण्यासाठी म्हटलं जातं, त्यामागे तपासणी नसते. दुसरं वाक्य म्हणायला हूवरसारखी खूण प्रत्यक्ष दिसावी लागते. पूर्वी हिस्टेरिया म्हणायचे, पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को या मज्जाविकारतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला, पुढे फ्रॉइडपाशी गेल्यावर प्रत्येक रुग्णाच्या भूतकाळात काही दडपलेलं शोधायची पद्धत पडली. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या २०१३ च्या वर्गीकरणात ती अट काढून टाकली गेली. आज या निदानासाठी मागचा मानसिक आघात सापडलाच पाहिजे असं नाही. काहींना तो असतो, अनेकांना नसतो. आपल्या दवाखान्यांत मात्र अजून तेच चालतं, आणि बाईच्या बाबतीत जास्त चालतं. लग्न झालेलं नसेल तर लग्न झालं की बरं होईल, झालेलं असेल तर सासरचा ताण, मूल नसेल तर ते. पुरुषाचा हात कापला तर पार्किन्सन्सची तपासणी होते. बाईचा कापला तर घरातल्या माणसांना बाहेर थांबायला सांगून ‘घरी काही प्रॉब्लेम आहे का’ असं विचारलं जातं. तो प्रश्न विचारावाच. पण हातोडी मारून झाल्यावर.

देवऋषाकडे लोक का जातात, यावर आपल्याकडे रागाने बरंच लिहिलं गेलं आहे. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा हवाच होता, आणि रोग्याला मारहाण करणाऱ्या, उपचार तोडायला लावणाऱ्या भोंदूंना तुरुंगच योग्य. तरीही एक गोष्ट मान्य करावी लागते. देवऋषी ‘काही नाही’ असं कधी म्हणत नाही. तो तासभर ऐकून घेतो, कारण सांगतो, पुढच्या अमावस्येला परत बोलावतो. कारण खोटं असतं, पण ऐकणं आणि परत बोलावणं खरं असतं. जे दवाखान्यातून मिळायला हवं ते तिथे मिळालं नाही म्हणून माणूस बाहेर शोधतो. या रुग्णांना अडाणी म्हणून मोकळं होणं मला अन्यायाचं वाटतं.

याची दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. एफएनडी म्हणून किंवा मानसिक म्हणून जो शिक्का बसतो, तो चुकीचा निघाला तर? लंडनमधल्या एलियट स्लेटर या मनोविकारतज्ज्ञांनी १९६५ मध्ये इशारा दिला होता की हिस्टेरिया ठरवलेल्या अनेक रुग्णांमध्ये पुढे खरा मेंदूविकार निघतो. त्या लेखाने एक अख्खी पिढी घाबरली आणि हे निदान करायचंच टाळू लागली. २००५ मध्ये या विषयावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा दिसलं की १९५० च्या दशकात अशी चूक २९ टक्के होती, साठच्या दशकात १७, आणि सत्तरनंतर सुमारे ४ टक्क्यांवर स्थिरावली. काळजीपूर्वक केलेलं हे निदान इतर आजारांच्या निदानाइतकंच टिकतं, असा त्याचा अर्थ. काळजीपूर्वक हा शब्द मात्र त्यातून वगळता येत नाही.

कारण विज्ञानाच्या कक्षेबाहेरही आजार असतात, कालपर्यंत होतेच. एखादी तरुण मुलगी आठवडाभरात भलतंसलतं बोलू लागते, कुणी मागे लागलंय म्हणते, झोपत नाही, मग तोंडाच्या विचित्र हालचाली, झटके, बेशुद्धी. मेंदूचा एमआरआय पुष्कळदा साधारणच येतो. २००७ मध्ये जोसेप दाल्माऊ आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की शरीराची प्रतिकारशक्तीच मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरवर, म्हणजे पेशींमधले संदेश झेलणाऱ्या एका प्रथिनावर, हल्ला करते, आणि काही मुलींमध्ये या सगळ्याची सुरुवात अंडाशयातल्या एका गाठीतून होते. गाठ काढली, स्टेरॉइड आणि आयव्हीआयजी दिलं, की बहुतेकजणी सुधारतात. २००६ मध्ये जगातला कुठलाही डॉक्टर त्या मुलीच्या आजाराचं नाव सांगू शकला नसता. आजार तेव्हाही होता. मनोरुग्णालयांत, आणि आपल्याकडे एखाद्या दर्ग्याच्या किंवा देवळाच्या ओट्यावर, अशा किती मुली गेल्या असतील, हे आता कळायला मार्ग नाही. विल्सनचा आजारही असाच. शाळकरी मुलाचं अक्षर बिघडतं, हात थरथरतो, बोलणं जड होतं, चिडचिड वाढते; घरात वाटतं मोबाइलने बिघडला. शरीरात तांबं साठत असतं. बुबुळाभोवती तपकिरी कडं दिसतं, रक्तातलं तांबं वाहून नेणाऱ्या सेरुलोप्लाझ्मिन या प्रथिनाची तपासणी करता येते, औषध आहे. वर्ष वाया गेलं तर मूल हातचं जाऊ शकतं.

म्हणून रुग्णाला ‘रिपोर्ट चांगले आहेत, घरी जा’ एवढंच सांगणं अपुरं आहे. काय तपासलं, काय नसल्याची खात्री झाली, कशाची शक्यता अजून शिल्लक आहे, आणि कोणतं लक्षण दिसलं तर त्याच दिवशी यायचं, हे चार ओळींत लिहून द्यायला हवं. अचानक तोंड वाकडं होणं, हात उचलता न येणं, बोलणं फिरणं, यात गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनसाठी साडेचार तासच हातात असतात. पाय बधिर होताना लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर मणक्याची तातडी असू शकते. चढत जाणारा अशक्तपणा थांबून बघायचा नसतो. या गोष्टी रुग्णाला तोंडी सांगितल्या जातात, घाईत, आणि बसमध्ये बसेपर्यंत विसरल्या जातात.

अमेरिकेत २००८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य संस्थेने नेमक्या अशा नाव नसलेल्या रुग्णांसाठी कार्यक्रम सुरू केला, पुढे त्याचं देशभर जाळं झालं. २०१८ मध्ये त्यांनी हिशेब मांडला. पूर्ण तपासणी झालेल्या ३८२ रुग्णांपैकी १३२ जणांचं निदान झालं. म्हणजे जगातली सगळ्यात उत्तम साधनं हाताशी असूनही तिघांतल्या दोघांना उत्तर मिळालं नाही. बहुतेक निदानं जनुकीय तपासणीतून आली. मला त्या हिशेबातला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. १३२ पैकी १५ जणांचं निदान, कुठलंही नवं यंत्र न लावता, केवळ जुने कागद आणि रुग्ण नीट नव्याने तपासून झालं. ते १५ जण आधी अनेक ठिकाणी जाऊन आलेलेच होते. कुणीतरी सगळी फाईल एका जागी बसून वाचली, एवढंच त्यांच्या बाबतीत वेगळं घडलं.

आपल्याकडे फाईल कुणी वाचत नाही. रुग्ण साडीच्या दुकानाच्या पिशवीत पाच वर्षांचे कागद, एमआरआयच्या काळ्या फिल्मा, औषधांची रिकामी पाकिटं घेऊन येतो. नवा डॉक्टर पिशवी बाजूला ठेवतो आणि नव्या तपासण्या लिहून देतो. रुग्ण डॉक्टर बदलत राहतात, एकाकडे टिकत नाहीत, ही डॉक्टरांची तक्रार खरी आहे. पण ज्याला पुन्हा बोलावलंच नाही तो टिकणार कसा? आणि वेळ नाही हे डॉक्टरांचं म्हणणंही खरं आहे. दीडशे कोटींच्या दिशेने निघालेल्या देशात न्यूरॉलॉजिस्ट काही हजारच, तेही मुंबई, पुणे, नागपूर, बंगळूरसारख्या शहरांत एकवटलेले. गडचिरोलीतल्या रुग्णाला नागपूर गाठायचं तर दोन दिवसांची मजुरी आणि सोबतच्या माणसाचीही मजुरी जाते. एका ओपीडीत शंभर रुग्ण बघणाऱ्या डॉक्टरला दोष देऊन काही साधणार नाही. दोष रचनेचा आहे, आणि रचना बदलणं सरकारच्या हातात आहे.

ती बदलायला फार काही लागणार नाही. बहुतेक जिल्ह्यांत आता वैद्यकीय महाविद्यालय आहे किंवा होऊ घातलं आहे. जिल्हा रुग्णालयात फिजिशियन असतो, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमामुळे मनोविकारतज्ज्ञही असायला हवा, फिजिओथेरपिस्ट असतो. आठवड्यातला एक दिवस या तिघांनी एकाच खोलीत बसून फक्त असे अडलेले रुग्ण बघावेत, एका वेळी मोजके. ई-संजीवनीची दूरसल्ल्याची सोय आधीच चालू आहे. त्यावर मोठ्या शहरातला न्यूरॉलॉजिस्ट त्या दिवशी जोडलेला असावा. हातोडी मारलेली, चाल पाहिलेली त्याला पडद्यावर दाखवता येते. झटका येत असताना घरच्यांनी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ तर न्यूरॉलॉजिस्टला पानभर वर्णनापेक्षा उपयोगी पडतो, हे प्रत्येक आशाताईला आणि परिचारिकेला शिकवता येईल. डोळे उघडे होते की मिटलेले, मान कुठे वळली, किती वेळ चाललं, हे त्यात दिसतं. रुग्णाला एका डॉक्टरचं नाव आणि पुढची तारीख मिळावी, निदान सापडलेलं असो वा नसो. सहा महिन्यांनी त्याच माणसाला पुन्हा तपासलं की कितीतरी आजार स्वतःहून आपलं रूप उघड करतात. मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या आजारात तर वेळेच्या अंतराने काय घडलं याचीही निदानाला मदत होते.

यावर कुणी म्हणेल की अशाने तपासण्यांचा पूर येईल. मला उलट वाटतं. आज एकेका रुग्णाचे तीन-तीन एमआरआय होतात, कारण पहिला कुणी जपून वाचलेला नसतो आणि तिसरा काढणाऱ्याला पहिला झाल्याचं माहीतही नसतं. फाईल एका हातात राहिली तर तपासण्या घटतील. पैशाची तरतूद मात्र आजाराच्या नावाला बांधलेली चालणार नाही. राज्याच्या योजनेत ‘निदान न झालेला मज्जाविकार’ असं एक स्वतंत्र पॅकेज करता येईल, त्यात एनसीव्ही, व्हिडिओ-ईईजी, पाठीतल्या पाण्याची तपासणी आणि बी-१२ पासून सेरुलोप्लाझ्मिनपर्यंतच्या रक्ततपासण्या धरता येतील, आणि त्याचा लाभ याच ओपीडीने शिफारस केलेल्या रुग्णाला मिळेल. गैरवापराला तिथेच आळा बसतो. विमा नियामकाने त्या चौथ्या अपवादाला एक ओळ जोडावी, की विशेषज्ञाच्या लेखी शिफारशीने, प्रत्यक्ष दिसणाऱ्या मज्जासंस्थेच्या लक्षणांसाठी रुग्ण दाखल झाला असेल, तर निदान निष्पन्न झालं नाही एवढ्या कारणावरून दावा नाकारता येणार नाही. आणि दिव्यांग प्रमाणपत्राच्या मंडळाने माणूस किती चालू शकतो, किती वेळ उभा राहू शकतो, हाताने काय धरू शकतो, हे मोजून तात्पुरतं प्रमाणपत्र द्यावं. आजाराच्या नावाचा रकाना नंतर भरता येईल.